मोज्यातली किल्ली

किल्ली वरून येते. पाचव्या मजल्याच्या खिडकीतून, लहान मुलाच्या पांढऱ्या मोज्यात गाठ मारून. फुटपाथवर थप्पकन पडते. आरोग्यसेविका वाकून मोजा उचलते, वर पाहत हात हलवते. खिडकीतला सुरकुतलेला हात आत जातो.

दाराशेजारी बेलची चोवीस बटणं आहेत. एकही वाजत नाही. म्हणून खालून हाक मारायची आणि वरून किल्ली यायची.

सप्टेंबरचा तिसरा आठवडा. दुपारचे पावणेदोन. न्यूयॉर्क शहरातलं ब्राँक्स, त्यातलं मॉट हेवन. सहा नंबरच्या गाडीने ब्रूक अव्हेन्यूला उतरून आम्ही चालत आलो आहोत. ऊन अजून ऑगस्टचंच आहे. डांबर तापलंय. खिडक्यांतल्या एसींचं पाणी डोक्यावर टपटपतं. ट्रकांची घरघर थांबत नाही. वस्तीच्या एका अंगाला मेजर डीगन महामार्ग, दुसऱ्या अंगाला ब्रक्नर. पलीकडे हंट्स पॉइंटचा घाऊक बाजार. शहराची भाजी, मांस, मासळी तिथे उतरते आणि पुन्हा ट्रकांत भरून शहरभर जाते. धूर मात्र इथेच राहतो. या भागाला लोकांनीच नाव ठेवलंय, अस्थमा ॲली. दम्याची गल्ली.

आत लिफ्टसमोर रांग आहे. बाबागाडी घेतलेली एक मुलगी. खांद्यावर धुण्याचं बोचकं घेतलेला एक माणूस. दोन म्हाताऱ्या, हातात औषधांच्या कागदी पिशव्या. लिफ्टचा दिवा चारवर अडकलाय. कुणी काही बोलत नाही. आम्हीही उभ्या राहतो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. आरोग्यसेविका एकदा घड्याळ बघते आणि सामान उचलते. "चला, जिन्याने."

सामान बरंच आहे. तिच्या हातात छोटा व्हॅक्यूम क्लीनर, पाठीवर पिशवी. माझ्याकडे गादीची खोळ आणि झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा. जिन्यात वारा नाही. पहिल्या मजल्यावर ब्लीचचा वास. दुसऱ्यावर केळ्यांचे काप तळल्याचा. तिसऱ्यावर सिगरेटचा, आणि त्याखाली दडलेला आणखी एक, गोडसर, जुन्या भांड्यांच्या कपाटात येतो तसा. झुरळांचा. तिथे कचरा टाकायच्या झडपेचं दार बिजागरीतून निखळलंय. ती थांबते, मोबाइलवर फोटो काढते, पुढे चढते.

ती डॉक्टर नाही, नर्सही नाही. याच वस्तीत सहा गल्ल्या सोडून ती वाढली. तिच्या मुलाला दमा होता. इमर्जन्सीच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर तिने किती रात्री काढल्या, त्याचा हिशेब तिच्यापाशी नाही. मुलगा मोठा झाला, तेव्हा तिने दम्याचं प्रशिक्षण घेतलं. आता ती दुसऱ्यांच्या घरी जाते. एका घरी वर्षभरात पाच-सहा वेळा. ही तिसरी भेट.

दार उघडंच आहे. आजी दारात उभी. तिचे केस पांढरे, गाऊन फुलाफुलांचा. "या, या. कॉफी ठेवलीय."

"कशाला त्रास, दोन्या," आरोग्यसेविका म्हणते. दोन्या म्हणजे बाईंना मान देऊन मारलेली हाक. बोलणं स्पॅनिशमध्ये चाललंय. मला जेवढं कळत नाही तेवढं ती मधूनमधून इंग्रजीत सांगते.

आजी बोटाने ओठ दाबते. आतल्या खोलीत सून झोपलीय. ती रात्री मॅनहॅटनमधली ऑफिसं पुसते, सकाळी सातला घरी येते. म्हणजे व्हॅक्यूम इतक्यात लावता येणार नाही. तो कोपऱ्यात उभा राहतो.

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सोफ्यावर प्लॅस्टिकचं आवरण. टीव्ही मुका. कोनाड्यात एका संताची तसबीर, पुढे काचेच्या उंच पेल्यात तेवणारी मेणबत्ती. तीन वर्षांची नात जमिनीवर चादरीत झोपलीय. तिचे पाय उघडे पडलेत. फरशी नुकतीच पुसलीय, जांभळ्या सुवासिक द्रवाने. तो वास नाकातून थेट कपाळात जातो. आमच्यासाठीच पुसलीय. आरोग्यसेविकेच्या कपाळावर आठी उमटत नाही. ती कॉफीचा घोट घेते. वासाचा विषय अर्ध्या तासाने निघेल, तोही सहज, "माझ्या घरी मी आता साधं साबणाचं पाणी वापरते" असा.

"फातीगा कशी आहे?" ती विचारते.

आजी प्वेर्तो रिकोची. तिच्याकडे दम्याला फातीगा म्हणतात. फातीगा म्हणजे थकवा, दमणूकही. मी मनाशी म्हणते, आपणही दमतो, आपल्याला दम लागतो आणि आपल्या लेकरांना दमा होतो. दोन समुद्र ओलांडून शब्द एकाच जागी येऊन बसलाय. छातीच्या पिंजऱ्यात.

अमेरिकेत दमा सर्वांत जास्त आढळतो तो प्वेर्तो रिकन मुलांमध्ये. इथे बसल्यावर तो आकडा वाटत नाही. भिंतीवर तीन नातवंडांचे फोटो आहेत. आजी एकेकाकडे बोट दाखवते. "याला. हिला. याला नाही, देवाची कृपा."

टेबलावर थोरल्या नातवाचे पंप मांडलेत. इथे सगळे पंपच म्हणतात, आपल्यासारखंच. एक निळा, धाप लागली की घ्यायचा. एक नारिंगी, रोजचा. आरोग्यसेविका दोन्ही उलटे करते. प्रत्येकाच्या पाठीवर बारीक खिडकी असते आणि खिडकीत आकडा. निळ्यात भरलेले असतात २०० फवारे. आता दिसतात १४. नारिंगीत असतात १२०. दिवसाला चार, म्हणजे महिन्यात संपायला हवा. दुकानातून आणून सात आठवडे झाले. खिडकीत आकडा आहे १०४.

दवाखान्यात "रोज औषध देता का?" असं विचारलं की कुठलीही आजी "हो" म्हणते. ते खोटंही नसतं. पण हा आकडा तिथपर्यंत पोहोचत नाही. पंप घरी असतो.

आरोग्यसेविका रागावत नाही. आकडे वहीत लिहिते आणि गप्प बसते. आजीच बोलू लागते. "बरा असला की नाही देत मी. रोज दिलं तर सवय लागेल. पोराच्या हाडांना काही झालं तर?"

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. पंपाची सवय लागते. माझ्या मावसबहिणीचा पंप तांदळाच्या डब्यामागे ठेवलेला असायचा. लग्न ठरेपर्यंत बाहेर कुणाला कळू द्यायचं नव्हतं. ती रात्र रात्र उशीला टेकून बसायची आणि सगळं घर भिंतीकडे तोंड करून जागं असायचं.

आरोग्यसेविका पिशवीतून सरबताच्या दोन नळ्या काढते. एक नळी रुंद, एक अरुंद. "या नळीतून श्वास घ्या, दोन्या." आजी घेते. "आता हिच्यातून." आजी घेते, अर्ध्यातच सोडते, खोकते. "त्याला रोज असं होतं. बाहेरून बरा दिसतो तेव्हाही श्वासाची नळी आतून सुजलेली असते. निळा पंप नळीला घटकाभर सैल करतो. सूज तशीच राहते. ती उतरवतो हा." ती नारिंगी पंपावर बोट ठेवते. आजी दोन्ही नळ्या हातात धरून बघत राहते.

नारिंगी पंपाचीही एक कथा आहे. मुलांच्या दम्यावरचा एक फार खपणारा पंप कंपनीने २०२४ च्या सुरुवातीला त्याच्या जुन्या नावाने विकणं बंद केलं. तेच औषध दुसऱ्या नावाने आलं, पण कित्येक विमा योजना त्याचे पैसे देईनात. आजी औषधाच्या दुकानात तीनदा जाऊन आली. रांगेत उभी राहिली, नंबर आला, "मंजुरी नाही", परत. चौथ्यांदा आरोग्यसेविका बरोबर गेली. डॉक्टरांच्या कचेरीला फोन लावून खिडकीपाशीच उभी राहिली, पाऊण तास. मग मिळाला.

आता स्वयंपाकघर. ती सिंकखालचं दार उघडते, गुडघ्यांवर बसते, टॉर्च लावते. मी मागून वाकते. उजेडात काहीतरी सरसर पांगतं. पाइप जिथे भिंतीत शिरतो तिथे मुठीएवढं भगदाड आहे. कडेला काळे ठिपके, मिरपूड सांडावी तसे.

१९९७ साली अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांमधल्या ४७६ दमेकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दर तीन मुलांमागे एकाहून अधिक जणांना झुरळांची ॲलर्जी निघाली. ज्यांना ही ॲलर्जी होती आणि ज्यांच्या झोपायच्या खोलीत झुरळांचे अंश भरपूर होते, त्यांना रुग्णालयात दाखल करायची वेळ इतरांच्या तिपटीहून जास्त वेळा आली होती. झुरळ दिसायलाच हवं असं नाही. त्याची विष्ठा, त्याची लाळ, वाळून गळालेल्या पायांचा भुगा. धुळीत मिसळतो, उशीवर बसतो.

ओट्यावर फवाऱ्याचे तीन डबे आहेत. आजी रोज रात्री फवारते. मग खोली बंद करून सगळे झोपतात. "याने झुरळं शेजारी जातात आणि परत येतात," आरोग्यसेविका सांगते, "आणि वास मात्र पोराच्या छातीत राहतो." डबे ती मागत नाही. पिशवी उघडी धरते. आजी एक डबा टाकते. दुसरा टाकते. तिसरा परत ओट्यावर ठेवते. चालेल.

मग काम सुरू होतं. लोखंडी तारेचा काथ्या भगदाडात कोंबायचा, म्हणजे उंदीरही कुरतडणार नाहीत. त्यावर लांबी भरायची. लांबीची नळी बंदुकीसारखी दाबावी लागते. तिच्या मनगटावरची शीर फुगते. बिजागरीपाशी, ड्रॉवरच्या कोपऱ्यांत, फ्रीजच्या मोटारीमागे जेलचे ठिपके, तांदळाच्या दाण्याएवढे. उघडी साखर आणि कॉर्नफ्लेक्स झाकणाच्या डब्यात. घाम तिच्या हनुवटीवरून टपकतो. खिडकी उघडावी तर महामार्ग आत येतो. बंद ठेवावी तर गॅसची शेगडी आणि तळणाचा धूर आतच राहतो. आजी मध्येच येऊन ओला रुमाल तिच्या मानेवर ठेवते.

न्हाणीघराच्या छतावर काळ्या बुरशीचा नकाशा आहे. वरच्या मजल्यावर नळ गळतो. इमारतीच्या देखभालीचा माणूस, ज्याला इथे सुपर म्हणतात, दोनदा येऊन पांढरा रंग मारून गेला. रंगाचे पापुद्रे सुटलेत आणि खालून काळं पुन्हा वर आलंय. आरोग्यसेविका बाथटबच्या काठावर चढते. मी तिचा पाय धरते. ती टेप लावून डाग मोजते, टेपसकट फोटो काढते. मोजणं महत्त्वाचं, कारण दहा चौरस फुटांच्या वर डाग गेला की मोठ्या इमारतीत तो काढायला परवानाधारक माणूसच आणावा लागतो. शहराचा कायदा आहे, २०१८ चा, जानेवारी २०१९ पासून लागू. तीन किंवा जास्त बिऱ्हाडांच्या इमारतीत मालकाने दर वर्षी झुरळं, उंदीर, बुरशी तपासायची आणि त्याचं मूळ कारण दूर करायचं. नुसता रंग फासायचा नाही. आजीला हा कायदा ठाऊक नव्हता. फ्रीजवर आता तक्रारीचा नंबर लिहिलेला कागद आहे, ३११, आणि त्याखाली दोन तक्रारींचे क्रमांक.

सुपरला फोन लागतो. "येतो," तो म्हणतो. आम्ही थांबतो.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजतात. दार ढकलून नातू आत येतो. आठ वर्षांचा, दप्तर त्याच्यापेक्षा रुंद. "बेंदिसियॉन, अबुएला." आशीर्वाद दे, आजी. "दिओस ते बेन्दीगा," ती हातातलं काम न सोडता म्हणते. देव तुझं भलं करो. वाकून नमस्कार नाही, पण घरात शिरताना मोठ्यांपुढे मन वाकवायची रीत तीच.

तो बसतो. आरोग्यसेविका बोलत नाही, बघते. गळ्याखालचा खळगा श्वासागणिक आत ओढला जातोय का. खांदे उचलले जातायत का. तो बोलताना वाक्य मध्ये तोडतोय का. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले. वर्गात सर्दी फिरतेय. सप्टेंबरात मुलांचे दम्याचे झटके वाढतात, दर वर्षी, साधारण याच दिवसांत. इमर्जन्सीच्या खुर्च्या भरतात.

"दाखव बघू," ती म्हणते.

तो पंप हलवतो. स्पेसरला लावतो. आपल्याकडेही लहान मुलांना देतात तीच ती प्लॅस्टिकची फुगीर नळी. तोंडात धरतो, दाबतो आणि जोरात ओढतो. स्पेसर शिट्टी मारतो. शिट्टी वाजली म्हणजे श्वास फार घाईचा. औषध जिभेवर बसलं, छातीत गेलंच नाही. "शिट्टी वाजली तर पोलीस येतील," ती डोळे मोठे करून सांगते. तो हसतो. मिनिटभर थांबून पुन्हा दाबतो. या वेळी हळू. एक. दोन. तीन. ती बोटं उघडत जाते. चार. पाच. सहा. शिट्टी नाही. आजी त्याला नळावर धाडते. चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरं येतं. नारिंगी पंपाच्या खिडकीत आता १०२.

आतल्या खोलीचं दार उघडतं. आई केस बांधत बाहेर येते. डोळे लाल. ती आधी मुलाच्या कपाळावर ओठ टेकवते, मग आमच्याकडे बघते. शाळेचा फॉर्म सहीसाठी काढला जातो. डॉक्टरांची आणि पालकांची सही असलेला हा फॉर्म असेल तरच शाळेतली नर्स मुलाला पंप देऊ शकते. दर वर्षी नवा लागतो. मागच्या वर्षी तो मार्चमध्ये पोहोचला होता. आई उभ्याउभ्याच सही करते.

आता व्हॅक्यूम चालतो. धाकटी दचकून उठते, रडते, आजीच्या गाऊनमध्ये तोंड खुपसते. आम्ही तिघी मुलाच्या गादीला खोळ चढवू लागतो. खोळ जाड, चेन लावायची, धुळीतले किडे आत कोंडणारी. गादी जुनी आणि जड आहे. एका कोपऱ्यात खोळ बसली की दुसऱ्यातून सुटते. चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवायच्या, ५४ अंशांच्या वर. धुण्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे, आजीचे गुडघे दुखतात आणि लिफ्ट चारवर अडकलीय. आई म्हणते, रविवारी मी नेईन. आरोग्यसेविका "रविवार" असं लिहून घेते.

"आणि तो?" मुलगा विचारतो.

तो म्हणजे कापडी डायनोसॉर. फ्रीजरमध्ये आहे. वाटाण्याच्या पिशवीशेजारी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. थंडीने किडे मरतात. मुलगा दार उघडून त्याची चौकशी करतो आणि दार लावतो. उद्या सकाळी बाहेर, मग एकदा धुणं.

चेन ओढताना मी विचारते, याने खरंच फरक पडतो? ती हो-नाही म्हणत नाही. मला वाचलेलं आठवतं. २००४ साली सात शहरांतल्या ९३७ मुलांचा अभ्यास छापून आला. ब्राँक्सची मुलंही त्यात होती. घरी जाऊन, त्या त्या मुलाची ॲलर्जी बघून, हीच कामं: खोळी, गाळणी, झुरळांचा बंदोबस्त. दोन वर्षांत त्या मुलांचे त्रासाचे दिवस इतरांपेक्षा ३४ ने कमी झाले. सिॲटलमध्ये २७४ गरीब घरांपैकी काहींकडे एकदाच जाऊन आले, काहींकडे वर्षभर जात राहिले. दोन्हीकडे सुधारणा दिसली, पण जिथे जात राहिले तिथे तातडीच्या उपचारांसाठी धावणं जास्त कमी झालं. जात राहणं हेच मला यात मोठं वाटतं. पहिल्या भेटीत आजीने तिसरा डबा दाखवलाही नसता.

आणि तरीही हे काम अनेकदा दोन-तीन वर्षांच्या अनुदानावर चालतं. डॉक्टरांच्या शिफारशीने अशा कामासाठी गरिबांच्या सरकारी विम्यातून पैसे द्यायची मुभा केंद्राच्या नियमाने २०१४ मध्ये राज्यांना दिली. वापरायची की नाही हे ज्याने त्याने ठरवायचं. इमर्जन्सीतल्या एका रात्रीचं बिल कुणी विचारत नाही, ते भरलं जातं. लांबीच्या नळीचं बिल कुठल्या खात्यात टाकायचं, यावर बैठका होतात. मला याचा राग येतो. आरोग्यसेविका फक्त नळीचं टोपण घट्ट लावते. अजून दोन घरं आहेत.

निघताना आजी निळी डबी पुढे करते. विक्स. इथे तिला व्हिवापोरू म्हणतात आणि सर्दी-खोकल्यापासून डोकेदुखीपर्यंत सगळ्यावर चोळतात. "हे तरी लावू ना छातीला?" तिच्या चेहऱ्यावर माझ्या आजीचा चेहरा येतो. आरोग्यसेविका डबी हातात घेते, वास घेते, क्षणभर डोळे मिटते. "माझी आईही लावायची, दोन्या. पण याच्या श्वासाला उग्र वास नको. तुमच्या गुडघ्यांना लावा." आजी डबी गाऊनच्या खिशात टाकते. संताच्या तसबिरीपुढची मेणबत्ती तशीच जळतेय. तिच्याबद्दल आज कुणी बोललेलं नाही. पुढच्या भेटीत, कदाचित.

सुपर आलेला नाही. पावणेपाच झालेत. ती त्याला पुन्हा फोन करते, वाजत राहतो. वहीत वेळ लिहिते.

खाली उतरतो. लिफ्टचा दिवा चारवरच आहे, रांगेतली माणसं मात्र बदललीत. बाहेर ऊन तिरपं झालंय आणि ट्रक वाढलेत. दहा पावलं जातो न जातो तोच वरून हाक येते. आजी खिडकीतून हात हलवतेय. आरोग्यसेविका खिसा चाचपते. मोजा तिच्याच खिशात राहिलाय.

मुलगा खाली येतोय. जिन्यात त्याच्या उड्यांचा आवाज, मजल्यामागून मजला. दारातून बाहेर पडतो, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहतो. ती किल्ली लगेच देत नाही. घड्याळाकडे बघते, मग त्याच्या गळ्याखालच्या खळग्याकडे. अर्धं मिनिट जातं. मग मोजा त्याच्या हातात ठेवते.

"मध्ये कुठे थांबलास?"

"कुठेच नाही."

तो परत वळतो. दार आपटतं. ती तिथेच उभी राहते, मान किंचित कलती करून. जिन्याच्या खिडक्या उघड्या आहेत. पावलं वर चढत जातात. पहिला मजला. दुसरा. तिसऱ्यावर खोकला. एकदाच. पावलं पुन्हा सुरू होतात.

ती वही काढते आणि लिहून ठेवते.